लॅपटॉपचा आवाज पुन्हा पुन्हा का जातो? संगणकाच्या वाचेचा चार दशकांचा इतिहास (थ्रेड)

१/२४
लॅपटॉप सुरू आहे, चित्रफीत पुढे सरकते आहे, वक्त्याचे ओठ हलत आहेत. आणि अचानक आवाज नाहीसा होतो. यंत्र पुन्हा सुरू केले की तो परत येतो, दोन दिवसांनी पुन्हा जातो. दुरुस्तीच्या दुकानात नेले तर तिथे मात्र व्यवस्थित वाजतो. हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की त्यामागे इतिहास असेल, असे कुणाच्या मनातही येत नाही. वस्तुतः या बिघाडाचे प्रत्येक कारण एकेका कालखंडात निर्माण झाले आहे.

२/२४
बहुतेकांच्या दृष्टीने हा केवळ त्रास असतो. पण दृष्टिहीन व्यक्ती लॅपटॉप वापरते तेव्हा पडद्यावरचा मजकूर तिला संगणक वाचून दाखवतो. आवाज गेला म्हणजे तिचा पडदाच गेला. बिघाडाची सूचना पडद्यावर उमटते, दुरुस्तीचा पर्याय पडद्यावर असतो, आणि तो पडदा आता मुका झालेला असतो. ही अडचण मुळात नव्हती. ती कशी उद्भवली, हेही या इतिहासात दिसते.

३/२४
प्रारंभ १२ ऑगस्ट १९८१ पासून. त्या दिवशी आयबीएम कंपनीने आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ जाहीर केला. त्यात एक छोटा स्पीकर होता आणि त्याला एका वेळी एकच सूर काढता येई. इंटेलची ८२५३ ही कालमापक चिप ठराविक वेगाने विद्युतप्रवाह चालू-बंद करी आणि त्यातून ‘बीप’ उमटे. संगीत किंवा संभाषण हा त्याचा हेतूच नव्हता.

४/२४
त्याचा हेतू होता बिघाड सांगणे. यंत्र सुरू होताच स्वतःची तपासणी करी. सर्व ठीक असेल तर एक आखूड बीप. पडद्याच्या कार्डात दोष असेल तर एक लांब आणि दोन आखूड. पडदाच चालत नसेल तर दोष सांगायचा कसा, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे हा स्पीकर. संगणकाचा पहिला आवाज हा दुरुस्तीसाठी जन्मला. आज आवाजच दुरुस्तीची मागणी करतो, हा काळाचा उलटा फेरा.

५/२४
खेळ रचणाऱ्यांना तो एकसुरी बीप पुरेना. १९८२ च्या कमोडोर ६४ मध्ये आणि १९८५ च्या अमिगामध्ये आवाजासाठी स्वतंत्र चिप होत्या. कार्यालयांसाठी घडवलेला पीसी मात्र मागे पडला होता. ही उणीव भरून काढली कॅनडातील क्वेबेकच्या ॲडलिब कंपनीने. संगीताचे माजी प्राध्यापक मार्टिन प्रेव्हेल यांनी ती स्थापन केली होती. १९८७ मध्ये तिचे कार्ड आले. त्यावर यामाहाची वायएम३८१२ ही चिप होती.

६/२४
ॲडलिबला वाद्ये वाजवता येत, पण ध्वनिमुद्रित आवाज, म्हणजे माणसाचा शब्द, तिच्या आवाक्यात नव्हता. ती मजल गाठली सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने. १९८९ मध्ये सिम वाँग हू यांच्या नेतृत्वाखाली ‘साउंड ब्लास्टर’ आले. त्यावर ॲडलिबचीच चिप होती, जोडीला मुद्रित ध्वनी वाजवण्याची सोय आणि खेळाच्या जॉयस्टिकसाठी जोडणीही. तीन वर्षांत ॲडलिबचे दिवाळे निघाले आणि क्रिएटिव्ह अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारात नोंदणी मिळवणारी सिंगापूरची पहिली कंपनी ठरली.

७/२४
आवाज जाण्याचा इतिहासही इथूनच सुरू होतो. कार्डाला प्रोसेसरचे लक्ष वेधून घ्यावे लागे आणि त्यासाठी ‘इंटरप्ट’ नावाच्या मोजक्या तारा होत्या. मूळ पीसीत त्या आठ होत्या आणि त्यांपैकी काही आधीच व्यापलेल्या. एक तार दोन उपकरणांना सहसा वाटून घेता येत नसे. आरंभीच्या साउंड ब्लास्टरला नेमून दिलेली तार होती सातवी, आणि तीच प्रिंटरच्या वाट्यालाही आलेली होती. छपाई सुरू झाली की आवाज अडखळावा, अशी ही वाटणी.

८/२४
पुढे पाचवी तार रूढ झाली. तरीही वापरणाऱ्याला कार्डावरच्या बारीक टोप्या चिमट्याने हलवून तार निवडावी लागे, आणि मग ऑटोएक्झेक.बॅट या फाइलमध्ये ‘सेट ब्लास्टर=ए२२० आय५ डी१’ अशी ओळ लिहावी लागे. यातील ए म्हणजे पत्ता, आय म्हणजे इंटरप्ट, डी म्हणजे मेमरीशी थेट व्यवहाराचा मार्ग. एक अंक चुकला की खेळ मुका. मात्र या पिढीला एक लाभ होता: दोष कुठे आहे हे एका ओळीत दिसत असे.

९/२४
१९९३ मध्ये इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी ‘प्लग अँड प्ले’ची मांडणी केली आणि २४ ऑगस्ट १९९५ रोजी आलेल्या विंडोज ९५ ने ती घरोघरी नेली. आता तारा वाटण्याचे काम संगणक स्वतः करणार होता. ते नेहमी साधले नाही. ‘प्ले’च्या जागी ‘प्रे’ घालून ‘लावा आणि देवाचा धावा करा’ असा विनोद तंत्रज्ञांत रूढ झाला. सोय वाढली, पण निर्णय कोण आणि का घेते, हे वापरणाऱ्याच्या नजरेआड गेले.

१०/२४
त्याच विंडोज ९५ ला संगीतकार ब्रायन ईनो यांनी काही सेकंदांचा प्रारंभध्वनी दिला. त्याचा एक अलिखित उपयोग होता. तो ऐकू आला की आवाजाची सारी साखळी शाबूत आहे, हे कळे. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये हा ध्वनी मूळ सेटिंगमध्ये बंद ठेवला गेला. वेगाने आणि निःशब्दपणे सुरू होणारे यंत्र अधिक नीटनेटके वाटले खरे, पण रोज आपसूक होणारी एक तपासणी त्यासोबत गेली.

११/२४
आता लॅपटॉपकडे. त्यात स्वतंत्र कार्डाला जागा नाही. १९९७ मध्ये इंटेलने ‘एसी’९७’ हे मानक आणले. त्याने आवाजाचे काम दोघांत वाटले: आकड्यांचा व्यवहार मुख्य चिपसंचाकडे, आणि आकड्यांचे ध्वनीत रूपांतर ‘कोडेक’ नावाच्या एका स्वस्त चिपकडे. पूर्वी कार्डावर होणारे बरेच काम आता प्रोसेसर आणि सॉफ्टवेअर करू लागले. साउंड कार्डाचा व्यवसाय ओसरला. तैवानच्या रिअलटेकसारख्या कंपन्यांचे कोडेक असंख्य मदरबोर्डांवर जाऊन बसले.

१२/२४
२००४ मध्ये ‘हाय डेफिनिशन ऑडिओ’ आले. यात कोडेकला अनेक टोके असतात; कोणते टोक स्पीकरला, कोणते हेडफोनला, कोणते माइकला जोडले आहे, हा नकाशा लॅपटॉपचा निर्माता बायोसमध्ये लिहून ठेवतो. नकाशा चुकीचा किंवा अपुरा असेल तर चिप धडधाकट असूनही स्पीकर गप्प. लिनक्सच्या गाभ्यात रिअलटेक कोडेकसाठी लॅपटॉपच्या मॉडेलांप्रमाणे अपवादांच्या लांबलचक याद्या साठल्या आहेत. निर्मात्यांच्या चुका निस्तरण्याचे हे वर्षानुवर्षांचे दप्तरच म्हणावे लागेल.

१३/२४
हेडफोनचे छिद्र याहून कितीतरी जुने आहे. साडेतीन मिलिमीटरचा हा जॅक एकोणिसाव्या शतकातील टेलिफोन एक्स्चेंजच्या जाड जॅकचा वंशज. त्यातील पट्टी पिन आत जाताच सरकते आणि ‘हेडफोन लागला’ अशी खूण होते. आत धूळ साचली किंवा पट्टी वाकली तर पिन काढल्यावरही खूण तशीच राहते. लॅपटॉप मग नसलेल्या हेडफोनकडे इमानाने आवाज पाठवत बसतो. पिन काही वेळा आत-बाहेर केल्यावर आवाज परतला, तर दोष याच शतकभर जुन्या युक्तीत आहे.

१४/२४
विजेची बचत हा पुढचा थर. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी ‘एसीपीआय’ हे मानक मांडले. यंत्रातील घटक गरज नसताना झोपवायचे आणि गरज पडताच उठवायचे, ही त्यातील कल्पना. कोडेकही काही सेकंद काम नसले की झोपतो. उठायला उशीर झाला तर वाक्याचा पहिला शब्द गिळला जातो; उठलाच नाही तर पूर्ण शांतता. झाकण मिटून पुन्हा उघडल्यावर जाणारा आवाज बहुधा या झोपेतच अडकलेला असतो.

१५/२४
३० जानेवारी २००७ रोजी विंडोज व्हिस्टा सर्वांसाठी उपलब्ध झाले. त्यापूर्वी ध्वनीचे मिश्रण प्रणालीच्या अगदी गाभ्यात होत असे. तिथे गडबड झाली तर निळा पडदा येऊन सारे यंत्र कोसळे. व्हिस्टाने हे काम गाभ्याबाहेर, ‘विंडोज ऑडिओ’ नावाच्या सेवेकडे दिले आणि प्रत्येक प्रोग्रामला वेगळा व्हॉल्यूम मिळाला. आता ती सेवा अडकली तर यंत्र चालत राहते, केवळ आवाज जातो. आजचे ‘सगळे ठीक, पण आवाज नाही’ हे दृश्य या सुधारणेचीच किंमत आहे. ती सेवा मात्र यंत्र बंद न करता पुन्हा सुरू करता येते.

१६/२४
लिनक्सने असाच प्रवास वेगळ्या वाटेने केला. प्रारंभी ओएसएस, मग यारोस्लाव्ह किसेला यांनी सुरू केलेली आल्सा, जी २००३ च्या अखेरीस आलेल्या २.६ गाभ्यात मुख्य झाली. त्यावर लेनार्ट पॉटरिंग यांचे पल्सऑडिओ. आणि आता विम टायमन्स यांचे पाइपवायर, जे २०२१ च्या फेडोरा ३४ मध्ये ध्वनीचे काम पाहू लागले. नवा थर जुन्याच्या डोक्यावर बसला. जुना खाली राहिला. परिणामी एका थरात आवाज चालू आणि दुसऱ्यात ‘म्यूट’, असा प्रकार सहज घडतो.

१७/२४
बाहेर जाण्याच्या वाटाही वाढल्या. एचडीएमआयची तार चित्रासोबत आवाज नेते; ब्लूटूथ हेडफोन संगीतासाठी एक पद्धत वापरतात आणि बोलण्यासाठी दुसरी. नवी वाट दिसताच प्रणाली अनेकदा आपण होऊन तिकडे वळते. स्पीकर नसलेल्या मॉनिटरकडे, दुसऱ्या खोलीत राहिलेल्या हेडफोनकडे आवाज निघून जातो. अशा वेळी काहीच बिघडलेले नसते. आवाज केवळ भलत्या दारातून बाहेर पडलेला असतो.

१८/२४
आता दृष्टिहीनांच्या कथेकडे. १९८० च्या दशकात आयबीएममधील जिम थॅचर यांनी डॉससाठी ‘स्क्रीन रीडर’ विकसित केला. १९८९ मध्ये टेड हेन्टर यांचा ‘जॉज’ आला. हेन्टर हे मोटरसायकल शर्यतपटू. १९७८ च्या कार अपघातात त्यांची दृष्टी गेली होती. पीसीच्या बीपमधून सुस्पष्ट वाणी उमटणे अवघड, म्हणून त्या काळी हे प्रोग्राम बोलत ते बाहेरून जोडलेल्या स्वतंत्र वाचायंत्रातून. १९८४ चे डेकटॉक हे त्यांतील प्रसिद्ध. ते डेनिस क्लॅट यांच्या संशोधनावर उभे होते.

१९/२४
ही यंत्रे महाग आणि बोजड होती. पण त्यांना साउंड कार्डाशी, इंटरप्टच्या तारांशी काही देणेघेणे नव्हते. संगणकाचा आवाज गेला तरी त्यांची वाचा शाबूत राही. पुढे प्रोसेसर वेगवान झाले, वाणी सॉफ्टवेअरमध्येच घडू लागली आणि ती त्याच कोडेकमधून, त्याच ड्रायव्हरमधून, त्याच सेवेतून बाहेर पडू लागली. खर्च उतरला, आणि स्वातंत्र्यही गेले. संगीताचा आवाज आणि वाचनाचा आवाज एकाच दोरीला बांधला गेला.

२०/२४
तरीही हा सौदा तोट्याचा म्हणता येणार नाही. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने ‘एनव्हीडीए’ हा मोफत स्क्रीन रीडर सुरू केला. जेम्स टेह हे दुसरे दृष्टिहीन प्रोग्रामर त्यांना येऊन मिळाले. त्यासोबत येणारे ‘ईस्पीक एनजी’ हे वाचायंत्र अनेक भाषा बोलते. त्यांत मराठीही आहे. वेगळे यंत्र विकत घ्यावे लागले असते, तर किती मराठी विद्यार्थ्यांना संगणक स्वतःच्या भाषेत ऐकता आला असता? स्वस्ताईने दार उघडले. आता ते दार उघडे ठेवणे महत्त्वाचे.

२१/२४
म्हणून तपासणीचा क्रम. पुरातत्त्वज्ञ उत्खननात वरच्या, म्हणजे सर्वांत अलीकडच्या थरापासून खाली जातो. इथेही तेच करावे. पहिला प्रश्न: आवाज कोणत्या दारातून जातो आहे? निवडलेले उपकरण पाहावे. दुसरा: प्रोग्रामचा स्वतःचा व्हॉल्यूम शून्यावर तर नाही? तिसरा: ध्वनीसेवा पुन्हा सुरू केल्यावर आवाज येतो का? चौथा: ड्रायव्हर. निर्मात्याचा ड्रायव्हर आणि विंडोजचा सर्वसाधारण ड्रायव्हर आलटून पालटून पाहावा; अपडेटने तो गुपचूप बदललेला असू शकतो. पाचवा: विजेची बचत. शेवटी जॅक आणि स्पीकर.

२२/२४
अधूनमधून जाणाऱ्या आवाजासाठी इतिहासकाराचे आणखी एक साधन कामी येते: कालनिश्चिती. प्रत्येक वेळी आवाज जाण्याच्या लगेच आधी काय घडले, हे लिहून ठेवावे. झाकण मिटले होते? चार्जर काढला? हेडफोन उपसला? अपडेट झाले? चार-पाच नोंदींत साम्य दिसले की थर सापडला. दुकानात नेल्यावर दोष का दिसत नाही, याचेही उत्तर त्यातच असते. तिथे ते निमित्तच घडत नाही.

२३/२४
दोन बारकावे. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’मुळे ‘शट डाउन’ केल्यावर प्रणालीचा गाभा पूर्ण बंद होत नाही, साठवून ठेवला जातो. ‘रीस्टार्ट’ मात्र तो नव्याने उभा करतो. म्हणून बंद-चालू करून न गेलेला दोष रीस्टार्टने जाऊ शकतो. दुसरे, यूएसबी हेडफोन. त्यात स्वतःचा कोडेक असतो. तो वाजला तर वरचे थर निर्दोष, शोध आतल्या कोडेकपाशी, त्याच्या ड्रायव्हरपाशी आणि जॅकपाशी घ्यावा. तोही गप्प असेल तर दोष वर आहे.

२४/२४
दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या पिशवीत असा एक साधा यूएसबी हेडफोन असावा. १९८४ च्या वेगळ्या वाचायंत्राचे काम तो अंशतः आज करू शकतो. वाचा अडकली तर कंट्रोल, ऑल्ट आणि एन या कळा एकत्र दाबून एनव्हीडीए पडदा न पाहताही पुन्हा सुरू करता येतो, आणि पुष्कळदा तेवढेच पुरते. १९८१ च्या अभियंत्यांनी पडदा चालला नाही तरी यंत्राने बोलावे, अशी तरतूद केली होती. आवाज चालला नाही तर दुसरी वाट कोणती, हा त्याच प्रश्नाचा उरलेला अर्धा भाग. वर्गात शेजारी बसलेल्या मित्राचा लॅपटॉप अचानक मुका झाला, तर पडदा पाहू शकणाऱ्याने आधी विचारावे, “आवाज गेला का? काय दिसते आहे, ते वाचून दाखवू?”